काकांचा खिशातला हात

"आधी पाय धुऊन ये, मग बघतो तुझ्या चामखिळीकडे!" काका म्हणाले आणि त्यांनी आपल्या बॅटरीच्या दुकानातून आणलेली काळी बाटली टेबलावर ठेवली.

पिटुकल्या लंगडतच मोरीकडे गेला. सुट्टीला काकांकडे आलेल्या तीन भावंडांत तो धाकटा. टाचेवर वाटाण्याएवढी चामखीळ!

"बाटलीत काय आहे, काका?" ठसकाताईनं विचारलं.

"बॅटरीतलं ॲसिड. लोखंड खातं ते, मग चामखीळ किस झाड की पत्ती!"

ताई एक पाऊल मागे सरली. तेवढ्यात मधल्या बडबड्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"काकांचा उजवा हात बघ," तो कुजबुजला. "कालपासून खिशातच! जेवलेसुद्धा डाव्या हातानं."

"अरे, त्यांच्याही बोटाला चामखीळ होती ना?"

"होती!"

दोघांनी एकदम त्या काळ्या बाटलीकडे पाहिलं. पण काकांना विचारणार कोण? ते म्हणे कधी चुकतच नसत! आणि मोरीतला पाण्याचा आवाज तर थांबलासुद्धा. काकांनी डाव्या हातानं काडीला कसाबसा कापूस गुंडाळला.

ताईनं फळीवरची बरणी ओढली. "काका, हे झाकण काही निघत नाही! जाऊ दे, तुम्हालाही नाही जमायचं."

"मला? आण इकडे!"

चेव चढला आणि काका विसरले. खिशातला हात बाहेर आला, झाकणावर आवळला गेला...

"आई गं!"

काकू धावत आली. बोटावरची चिंधी सुटली होती. खाली कातडी काळीठिक्कर, भोवती सूज!

"अगंबाई! हे काय करून ठेवलंत?"

"जरा जास्त पडलं," काका पुटपुटले. "पिटुकल्याला अर्धाच थेंब लावणार होतो..."

बडबड्यानं बाटली केव्हाच काकूच्या हातात दिली होती.

काकू सगळ्यांना समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बोट पाहून बाईंचा चेहरा गंभीर झाला. "अजून उशीर केला असतात तर बोट गमावलं असतंत! पोराची टाच जाळली असती तर तो चालला असता का?"

बाईंनी काकांचं बोट धुऊन पट्टी बांधली.

"घरात दोघांना कशी झाली?"

"आम्ही सगळे मोरीतल्या एकाच दगडानं टाचा घासतो," ताई म्हणाली.

"झालं! तो दगड आधी फेका. टॉवेल ज्याचा त्याला, ओल्या फरशीवर चपला, आणि चामखीळ खरवडायची नाही. पाय कोमट पाण्यात बुडवायचा, मऊ कातडी हलकेच घासायची आणि मी देते ते औषध फक्त चामखिळीवर लावायचं. रोज! कित्येक आठवडे लागतील. कित्येकदा तर ती आपोआपच जाते. चेहऱ्यावर आली, दुखायला लागली, रक्त आलं, तर मात्र इकडेच यायचं. आणि शाबास रे पोरांनो!"

घरी आल्यावर काकांनी स्वतः कोमट पाण्याचं घमेलं आणलं. पिटुकल्यानं पाय बुडवला आणि गुदगुल्या झाल्यासारखा खिदळला. त्या टाचेकडे बघता बघता काकांचे डोळे भरून आले.

"बरं झालं रे," ते म्हणाले, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत."