डायलवरचं नाव

वीज गेली म्हणून मी दुकानातून फुटपाथवर आले आणि थेट एका माणसाच्या छातीवर आदळले. दोष माझा नव्हता हो! डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं विसरले होते, आणि त्या भिंगातून इतक्या जवळून माणूस दिसत नाही. नुसतं एक बटण दिसतं.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"मला नाही. पण तुमच्या या बटणाचे दोन टाके निघालेत, शिवून घ्या."

"बारा वर्षं चष्मे विकतोय मी," तो म्हणाला, "पण एका डोळ्याचा चष्मा घालून रस्त्यावर आलेली मुलगी पहिल्यांदा बघतोय."

मी चटकन भिंग काढलं. समोर एक उंच, जरासा वाकलेला माणूस होता. आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं, सगळा रस्ता ओल्या फडक्यासारखा झाला होता, आणि हा आपला हसत होता... पण डोळे मात्र हसत नव्हते. ते मला तेव्हाच दिसलं. बारीक काम करणाऱ्यांना नको तेही दिसतं.

तो आमचंच दुकान शोधत आला होता. घड्याळदुरुस्तीचं आमचं दुकान. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून काम मी करते आणि चुका बाबा काढतात. त्याने काउंटरवर रुमाल उलगडला. आत एक चांदीचं मनगटी घड्याळ होतं. खूप जुनं. चांदी काळवंडलेली, डायल पांढऱ्या मिन्याचं, काचेसारख्या लेपाचं, पण धुराने चहासारखं झालेलं. बाराच्या आकड्याखाली दुकानदाराचं नाव होतं आणि त्यावर काजळीचा थर; अक्षरांचं वळण दिसत होतं, पण ती छापलेली की लिहिलेली ते कळत नव्हतं.

"चालू नाही झालं तरी चालेल," तो म्हणाला. "मला फक्त एवढंच हवंय, की हे नाव छापलेलं आहे की हाताने लिहिलेलं, ते सांगा."

"अशी फर्माईश पहिल्यांदाच ऐकतेय."

मग त्याने सांगितलं. हे घड्याळ ज्या दुकानातून विकलं गेलं, ते दुकान त्याच्या आजीचं आणि तिच्या भावाचं. त्या काळी दूरच्या कारखान्यातून घड्याळं कोऱ्या डायलची यायची आणि विकणारा त्यावर आपलं नाव घालायचा. भाऊ काउंटरवर बसून विकायचा. बहीण मागच्या खोलीत बसून नावं लिहायची. एकेका केसाच्या ब्रशने, दिवसाला पाच. पुढे भाऊ गेला, दुकान त्याच्या मुलांकडे गेलं, आणि पन्नास वर्षं पुरी झाली तेव्हा त्यांनी दुकानाचा इतिहास छापला. छान गुळगुळीत पुस्तिका. त्यात बहिणीचं नाव कुठेच नाही! नावं म्हणे कारखान्यातूनच छापून यायची आणि ती बाई दुकानात झाडलोट करायची.

"माझी मावशी म्हणजे या आजीची थोरली मुलगी," तो म्हणाला. "तिनेच मला वाढवलं. जन्मभर सगळ्यांना सांगत आली, आई लिहायची म्हणून. लोक म्हणायचे, आईचं कौतुक कुणाला नसतं! आता ती हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस. हे एकच घड्याळ हाती लागलंय... तिला एकदा खरं काय ते कळायला हवं."

बाबा मागून खाकरले. मी म्हणाले, "काजळी निघाल्याशिवाय सांगता येणार नाही. चार दिवस द्या."

"तोवर वेळ विचारायला रोज यावं लागेल."

"समोर बँकेवर मोठं घड्याळ आहे की!"

"ते पुढे धावतं."

आणि तो खरंच रोज यायला लागला. पाच वाजता, हॉस्पिटलात जाण्याआधी. ओला कोट दाराशी झटकायचा, स्टुलावर बसायचा, मी काय करते ते बघायचा. मान वर न करता बोलायची सवय मला. पण त्या चार दिवसांत माझी मान फार वेळा वर झाली. एकदा त्याने माझं भिंग उचलून बघितलं आणि म्हणाला, "या काचेला चरा आहे. तुम्ही जग चऱ्यातून बघता."

"म्हणून तर तुम्ही बरे दिसता."

बाबांना खोकल्याची उबळच आली. तो गेल्यावर म्हणाले, "पोरी, हात कामावर असू दे, लक्षही कामावर असू दे."

"आहेच की!"

"दिसतंय ना. मघापासून कोरडाच पेला तोंडाला लावतेयस."

चौथ्या दिवशी डायल धुवायला घेतलं. मिन्याचं डायल धुण्याआधी नावाच्या टोकाला ओल्या कापसाचं बोट लावून बघायचं, रंग येत नाही ना ते तपासायचं. बाबांनी मला हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं. आकडे भट्टीत भाजलेले असतात, त्यांना काही होत नाही. छापून भाजलेल्या नावालाही काही होत नाही. पण दुकानात नुसता वरून लिहिलेला रंग असेल, तर तो पाण्याला टिकत नाही.

मी कापूस लावला नाही. साडेचार झाले होते. तो यायच्या आत मला ते डायल स्वच्छ, लख्ख करून ठेवायचं होतं, आणि... खरं सांगते, मला केसही नीट करायचे होते. मी साबणाच्या कोमट पाण्यात डायल सोडलं आणि मऊ ब्रश फिरवला.

काजळी गेली. काजळीबरोबर नावही गेलं.

पाण्यात काळी रेघ सरकली आणि विरली. बस्स. डायल बाहेर काढलं तर आकडे जागच्या जागी, ठणठणीत. आणि बाराच्या खाली पांढरं, कोरं.

बाबा उठून आले. बघितलं, कळलं, आणि ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे हाताचंच होतं," ते एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने: "लिहून टाक."

"काय?"

"चार दिवस बघतेयस ते अक्षर. तुझा हात बरा आहे. बाई सुखाने जाईल, पोराचं समाधान होईल. आणि खोटं तरी कुठे आहे? हाताने लिहिलेलं होतं हे तर खरंच ना!"

खोटं बोल पण रेटून बोल, हे बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी बोलत होते ते. मी ब्रश घेतला. पहिलं अक्षर लिहिलंही, आणि काय सांगू, हुबेहूब आलं! तेवढ्यात मनात आलं, ती मावशी यावरून बोट फिरवील आणि आई म्हणेल. माझ्या अक्षराला आई म्हणेल. मला ते सोसेना. मी ते अक्षर पुसून टाकलं.

पाच वाजता तो आला.

"माझ्याकडून नाव गेलं," मी म्हणाले. "तपासायला हवं होतं. तपासलं नाही."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्याने डायल हातात घेतलं, खिडकीशी गेला, चष्मा काढला, घातला.

"मिळालेलं हे एकच होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. पण ते लिहिलेलंच होतं. छापलेलं असतं तर गेलंच नसतं. तुमची मावशी खरं बोलत होती."

"आणि मी तिला काय दाखवू? हे?" त्याचा आवाज चढला. "कोऱ्या डायलवर कोण विश्वास ठेवील?"

मी म्हणाले, "मी येते. मीच सांगते त्यांना."

आम्ही हॉस्पिटलकडे चालत निघालो. पाऊस भुरभुरत होता आणि त्याने छत्री माझ्यावर धरली होती, पण बघत होता दुसरीकडे.

वॉर्डात शेवटच्या खाटेवर मावशी होत्या. एवढ्याशा झालेल्या. मी खाली बसले, त्यांच्या तळहातावर डायल ठेवलं आणि सगळं सांगितलं. भट्टीतल्या नावाचं, वरून लिहिलेल्या नावाचं, न लावलेल्या कापसाचं. केसांचंसुद्धा सांगितलं. लपवून काय करायचं होतं?

त्यांनी विचारलं, "साबणाच्या पाण्याने गेलं?"

"हो."

"आईचंच मग." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. "खरं ठरलं आणि संपलंही. आता तिचं काहीच उरलं नाही गं."

मला वाटलं, धरणी दुभंगावी.

"तू बघितलं होतंस ना नीट?" त्यांनी माझं मनगट धरलं. "चार दिवस? भिंगातून?"

"हो, मावशी."

"मग सांग. कसं होतं? मी लहान होते, मला फक्त तिची पाठ आठवते."

आणि मी सांगायला लागले. पहिलं अक्षर ऐटबाज होतं. तिसऱ्याशी रेघ जाड झाली होती. मला वाटलं मळ आहे, पण तिथे त्यांनी ब्रश पुन्हा बुडवला असणार. शेवटची दोन अक्षरं जरा दाटीने बसवली होती, जागा कमी पडली म्हणून. आणि अगदी शेवटची रेघ केसभर खाली घसरली होती.

"दमली असेल," मावशी म्हणाल्या. "दिवसातलं पाचवं असेल ते."

"असेल."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. भेटीची वेळ संपेपर्यंत तीनदा सांगितलं. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

पुढचे नऊ दिवस मी पाच वाजता दुकान बंद करून तिथे जात राहिले. दहाव्या दिवशी खाट रिकामी होती.

महिनाभर तो दुकानाकडे फिरकला नाही. मी कशाला वाट बघू? कुठल्या तोंडाने? बाबा पाच वाजता मुद्दाम रेडिओ मोठा लावायचे, दाराकडे माझं लक्ष जाऊ नये म्हणून. तरी जायचंच.

मग एका दिवशी पाच वाजता तो आला. बारीक झाला होता. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"मला तुझा राग आला होता," तो म्हणाला. "अजून आहे. ते तुझ्यामुळे गेलं."

"माहीत आहे."

"जाणार नाही हा राग... जन्मभर थोडा राहील, असं वाटतं."

"राहू दे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"पण आजीचं अक्षर इतकं जवळून बघितलेलं आता जगात तुझ्याशिवाय कोणी नाही. आणि मला संध्याकाळी घरी जाववत नाही. तुझ्याकडेच यावंसं वाटतं. रागासकट." त्याने चष्मा काढून पुसला. "चालेल?"

बाबांनी हळूच रेडिओ बंद केला आणि चहा आणायला म्हणून भर पावसात निघून गेले.

मी काउंटरच्या बाहेर आले. त्याला घट्ट धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. तो माझ्या कानाशी म्हणाला, "तिसऱ्या अक्षराशी जाड होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "तिथे ब्रश पुन्हा बुडवला होता."