वरचं कोरडं, खालचं ओलं

फरीदाचा फोन आला तेव्हा हवालदार गहिनीनाथ चौकीत शेंगा फोडत बसले होते.

"गैनीकाका, खून झालाय. लगेच या."

गहिनीनाथांनी टोपी घातली, काठी घेतली, गाडीला किक मारली. मांजरसुंब्याच्या चौकात वळताना त्यांच्या लक्षात आलं की मयताचं नाव विचारायचं राहिलं.

जलालुद्दीनच्या गॅरेजात मयत गोणपाटावर पडलेला होता. पाच तुकड्यांत. क्रँकचं खालचं खोकं, एक सिलिंडर, एक फुटका पिस्टन, एक हेड आणि तुटलेली टायमिंग चेन.

"हे इंजिन हाय," गहिनीनाथ म्हणाले.

"आठ महिने खपले मी ह्याच्यासाठी," जलालुद्दीनची पोरगी फरीदा म्हणाली. तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. "दीडशे सीसीचं पावणेदोनशे केलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हातानं घासला. रविवारी पुण्याला शर्यत हाय, काका. अन् कुणीतरी ह्याला मारलं."

गहिनीनाथांनी वही काढली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन गूढ प्रकरणं उकलली होती. दोन्हींत म्हैस सापडली होती.

"कुठं झालं?"

"घाटात. पालीकडून वर येत होते. बारा हजार आरपीएमला इंजिन एकदम जाम झालं. मागचं चाक लॉक. मी रस्त्यावर, गाडी नालीत."

"इंजिन शेवटचं उघडं कधी होतं?"

"खंडेनवमीला अन् दसऱ्याला. दोन दिवस. सिलिंडर काढला होता, खालचं खोकं तेवढं टेबलावर. पण उघडं कसलं? फडकं टाकलं होतं. उघड्या इंजिनावर फडकं, हा आमचा पहिला नियम."

तिनं फडकं दाखवलं. त्याच्यावर कुंकवाचा एक ठिपका होता. त्यात विशेष काही नव्हतं, कारण त्या गॅरेजात कुंकू नसलेली वस्तू शोधावी लागली असती. चौकीतल्या बंदुकांची पूजा आटोपली की उरलेलं ताट घेऊन गहिनीनाथ दर खंडेनवमीला इथं येत. पान्यांपासून पंक्चरच्या टबापर्यंत ते कुणालाही सोडत नसत. गहिनीनाथांनी फडक्याला हात पुसले आणि ते बाजूला ठेवलं.

"संशयित?"

फरीदा काही बोलायच्या आत जलालुद्दीन पुढं आला.

"गैनीभाऊ, मीच तो."

"काय केलं?"

"नवं इंजिन, सुरुवातीला पाच हजाराच्या वर न्यायचं न्हाई म्हनून पोरीनं सांगितलेलं. परवा ही जेवायला गेली, अन् मी चौसाळ्यापर्यंत गेलतो. दहा हजारावर."

"कावून?"

"आवाज लई गोड हाय हो त्याचा."

फरीदा बापाकडं बघतच राहिली. गहिनीनाथांनी आरोपी क्रमांक एक लिहिला.

तेवढ्यात शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आलेली विमलबाई रडायला लागली. "माज्यामुळंच झालं ओ. मी म्हनले, काय चमकतंय गं बाई! अन् थू थू करायचं राहिलं."

गहिनीनाथांनी 'नजर, चौकशी चालू' अशी नोंद केली. प्रकरण अवघड होत चाललं होतं. गुन्हा एक आणि गुन्हेगार वाढत होते.

"वाचलेल्या भागांचं काय म्हणणं हाय?" त्यांनी विचारलं.

"हेच कळंना," फरीदा म्हणाली. "खालचं सगळं तेलात भिजलेलं हाय. वरचं हेड ठणठणीत कोरडं. तेल न मिळाल्यानं कॅम जळून जाम झाला, चेन तुटली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. पण पंप तर चांगला हाय!"

तेव्हा कोपऱ्यातून इर्शाद उठला. पंधरा वर्षं ह्याच गॅरेजात पाना धरलेला माणूस. त्याच्या हातात कापडाची पिशवी होती, भरलेली.

"साहेब, माझंच काम. गॅस्केटला चिकटवायचं सिलेंट जास्त लावलं. दाबल्यावर आत सुटलं असंल अन् तेलाच्या वाटेत अडकलं असंल. सकाळपासून तोंड न्हाई झालं सांगायला. आता जातो मी."

फरीदानं डोळे मिटले. सगळं जुळत होतं.

"पोरगी मेली असती माझी," जलालुद्दीन हळू आवाजात म्हणाला. "जा, इर्शाद. परत येऊ नको."

इर्शादनं पिशवी खांद्याला लावली.

"थांब बे," गहिनीनाथ म्हणाले. "मुद्देमालाशिवाय केस होत न्हाई. तो सिलेंटचा गोळा कुठंय?"

फरीदानं हेड उचललं. तेल वर येतं त्या भोकाच्या टोकाशी तिनं दीड मिलिमीटर भोकाचं जेट बसवलं होतं. "कंपनीचं भोक तीनचं असतंय. खाली क्रँकला दाब मिळावा म्हनून मी बारीक केलं," ती म्हणाली आणि तिनं क्लच केबलची तार आत घातली.

टक्. काहीतरी गोणपाटावर पडलं.

ते सिलेंट नव्हतं. तळून तपकिरी झालेला तांदळाचा दाणा होता.

"भात!" जलालुद्दीन ओरडला. "इंजिनापाशी बसून डबा खातो हा!"

"खातो," इर्शाद म्हणाला. आज त्याला सगळंच कबूल होतं.

"डबा उघड," गहिनीनाथ म्हणाले.

डब्यात खिचडी होती. गहिनीनाथांनी बोटांवर घेऊन बघितली. सगळी कणी. अख्खा दाणा औषधाला नाही.

"हा दाणा बघ. अख्खा हाय. टोकसुद्धा मोडलेलं न्हाई." त्यांनी नखानं दाणा फोडला. आत पांढराफटक, खडूसारखा. "अन् कच्चा हाय. शिजलेला असता तर चेंगरला असता. आता सांगा, गॅरेजात कच्चा तांदूळ कोण आणंल? तोबी निवडून, एकबी तुकडा न..."

गहिनीनाथ थांबले.

त्यांची नजर फडक्यावरच्या ठिपक्यावर गेली. मग स्वतःच्या बोटांकडं. ठिपका अंगठ्याएवढा होता.

दाण्याचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर होते. गिळले असते तर पुरावाच उरला नसता. इर्शाद जायला तयार होता. त्यानं कबुली दिली होती, ती वहीत होती, सहीपुरती जागाही होती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा गहिनीनाथांना आरोपीचं मन कळलं, आणि ते अगदी जवळचं निघालं.

फरीदाची पट्टी त्यांना दिसत होती.

"इर्शाद, पिशवी ठेव," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली, कारण आरोपीला टोपी शोभत नाही.

"सदर इसम खंडेनवमीला दुपारी ताट घेऊन गॅरेजात आला. तुमी सगळे टपरीवर चहाला गेलतात. टेबलावर पोरीचं इंजिन होतं, फडक्याखाली. सदर इसमाला वाटलं, सगळ्यांची पूजा झाली अन् हिच्याच इंजिनानं काय पाप केलं? त्यानं अंगठ्यानं फडकं उचललं. कुंकू तिथंच लागलं. मग अक्षता टाकल्या. अक्षतेला तुकडा चालत न्हाई, म्हनून माझी बायको दाणा न दाणा निवडून देती. एक दाणा तेलाच्या भोकात पडला. इंजिन चालू झालं तसा तेलाबरोबर वर गेला अन् जेटपाशी अडकला."

"काका..." फरीदा म्हणाली.

"लिहून घेतो थांब. आरोपी, गहिनीनाथ. वय त्रेपन्न. हेतू..." पेन अडकलं. "हेतू, पोरगी पहिली यावी."

मग जलालुद्दीननं इर्शादच्या खांद्यावरची पिशवी स्वतः उतरवून खुंटीला लावली. "माझ्या तोंडाला आग लागो," तो म्हणाला. इर्शादनं फक्त मान हलवली आणि जुन्या गाडीचं हेड शोधायला फळीवर चढला.

"रविवारपर्यंत होतं का?" गहिनीनाथांनी विचारलं.

"सगळे लागले तर होतंय," फरीदा म्हणाली. "जेट मीबी बारीक केलं होतं, काका. कंपनीच्या भोकातून तुमचा दाणा गेला असता." मग ती थबकली. "किती टाकल्या होत्या अक्षता?"

"पाच."

सगळ्यांनी एकदमच खालच्या खोक्याकडं बघितलं.

गहिनीनाथ रॉकेलच्या टबापाशी मांडी घालून बसले. तळातल्या जाळीवर दोन दाणे निघाले. तिसरा गिअरच्या मागं. चौथा इर्शादला चिमट्यानं काढावा लागला. फरीदानं पाचही ओळीनं कागदावर मांडले. पहिला दोन तुकड्यांत, बाकीचे अख्खे.

ऊन कलायला लागलं तरी गहिनीनाथ टबापासून उठले नव्हते.

"काका, पाचही सापडले."

"माहितीय," ते म्हणाले आणि ब्रश पुन्हा रॉकेलात बुडवला. "अजून एकदा बघतो."