पातळी नीट आली नाही

"तुला कुणी आवडतं का?"

एवढंच विचारायचं होतं. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. पण बोलताना माझ्या घशातले स्नायू मध्येच आवळतात आणि आवाज तुटतो. त्यामुळे शाळेच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत माइकसमोर माझ्या तोंडून निघालं ते असं – "तुला कु—णी आ... आवडतं का?"

काचेपलीकडे हेडफोन घालून तो बसला होता. दुसऱ्या तुकडीतला, आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. बटणांवरची नजर न काढता म्हणाला, "आवाजाची पातळी नीट आली नाही. पुन्हा एकदा."

पुन्हा विचारलं.

"अजून एकदा. आणि हसू नकोस."

दाराबाहेर मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. उत्तर मिळालंच नाही.

आमची शाळा अंध मुलांच्या ग्रंथालयासाठी गोष्टी रेकॉर्ड करते. गोष्टी मी लिहायचे, वाचायची मात्र गोड गळ्याची दुसरी कुणी. तिला कुठे थांबायचं ते कळावं म्हणून आधी मी कच्चं वाचन करून द्यायचे. एकदा कानसेनने चुकून माझं कच्चं वाचनच पाठवून दिलं. म्हाताऱ्या कासवाची गोष्ट होती. मी त्याला फाडून खाणार, तेवढ्यात ग्रंथालयातून निरोप आला : कासव झालेल्या ताईनेच पुढची गोष्ट वाचावी, मुलं हटून बसलीत.

शाळेतल्या बाईंनी रेकॉर्डिंगला पुढच्याच आठवड्याची तारीख दिली. आईने डॉक्टरांची घेतली होती तीही त्याच आठवड्याची. घशात इंजेक्शन, त्यानंतर काही दिवस नुसती कुजबुज, मग काही महिने सुरळीत आवाज. म्हणजे गोष्ट पुन्हा दुसरीच वाचणार.

मी हे कानसेनला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. तो मध्ये बोलला नाही, माझे शब्द पुरे केले नाहीत... नुसता थांबला. घरी असं होत नाही. मी 'पा—' म्हटलं की आई पाण्याचा ग्लास आणते. माझा पाय दुखत असतो.

"इंजेक्शन घे की," तो म्हणाला. "बोलताना तुला त्रास होतो, दिसतं मला. फक्त तारीख तू ठरव."

"आणि ते वाचन चु—कून गेलं होतं?"

"चुकूनच. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं." त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "परत मागवलं नाही, एवढंच."

मग वायरकडेच बघत तो म्हणाला, "त्या दिवशी पातळी पहिल्याच वेळी नीट आली होती."

"मग तीनदा का...?"

"ऐकायचं होतं. आणि उत्तर – हो. आवडतं."

कुणी, ते मी विचारलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, तेवढं पुरे.

घरी जेवताना मी ताट सरकवलं आणि आईबाबांना म्हणाले, "इंजेक्शन मी घे—घेणार आहे. पण गोष्ट रेकॉर्ड झा..."

"झाल्यावर," आईने शब्द पुरा केलाच. मी हात वर केला. बाबांचा घास हातातच राहिला. दोघं थांबले.

"...झाल्यावर," मी म्हणाले. "आणि ती मी—च वाचणार."