नारिंगी ठिपका

“अरे, आटप ना! माणिककाका चहा पिऊन येतील!” सुगंधा दबक्या आवाजात ओरडली.

नंदूने वाळलेल्या पानांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. १९८५च्या मे महिन्याची सुट्टी, मुलुंडच्या कॉलेजची प्रयोगशाळा ओस पडलेली, आणि सातवीतली ही दोघं तिथे कशाला घुसली होती? अनुपमाताईसाठी! त्यांच्या शेजारची अनुपमाताई इथे सप्तपर्णीच्या पानांतली द्रव्यं वेगळी काढायची. पानांचा अर्क काचपट्टीवर चढवून औषध फवारलं, की तिला एक नवाच नारिंगी ठिपका दिसायचा. मार्चमध्ये तिला कावीळ झाली आणि ताई गेली. एवढी हसरी मुलगी, आठ दिवसांत!

मग तिला शिकवणाऱ्या भाऊराव सरांनी, माणिक शिपायाने भरून आणलेल्या या पोत्यातली पानं घेऊन, तोच प्रयोग पुन्हा केला. ठिपका गायब! “अनुपमाची चूक झाली असावी. शोधनिबंधात तिचं नाव घालता येणार नाही,” असं ते तिच्या आईला, रत्नप्रभाकाकूंना, सांगून गेले. काकू तेव्हापासून धड जेवल्या नव्हत्या.

“सुगे, हे बघ! या पानाच्या शिरा किती विरळ आहेत.”

“सप्तपर्णीच्या दाट असतात. ताईनेच दाखवल्या होत्या. अय्या, हा तर चाफा!”

“आणि ही विडीची थोटकं!”

तेवढ्यात माणिक शिपाई दारात येऊन उभा राहिला. नंदू मागे हटला नाही. “काका, झाडावर कोण चढणार म्हणून खालचा पाचोळाच झाडून भरलात ना?”

“गुडघे दुखतात रे पोरा... सरांना नको सांगूस.”

“सांगणार! ताईच्या कामाची वाट लावलीत तुम्ही!” नंदूचा आवाज चिरकला.

सरांनी आधी डोळे वटारले, मग पोतं उपडं करून पाहिलं आणि झाडावरची ताजी पानं आणायला सांगितली. नंदू सप्तपर्णीवर चढला, ढोपरं सोलवटून घेतली. सुगंधाने एकेक पान तपासून सावलीत वाळवलं. दहा दिवसांनी सरांनी काचपट्टीवर औषध फवारलं. नारिंगी! ताईने वहीत लिहिलं होतं, अगदी तिथेच!

सर पट्टी घेऊन काकूंकडे गेले. “चूक माझी, वहिनी. पानं न बघताच मी तिला खोटं ठरवलं. निबंधावर पहिलं नाव अनुपमाचंच असेल. आणि या दोघांची तर कमाल आहे!”

काकूंनी पट्टी निरखली. “या द्रव्याचं नाव काय हो?”

“ते शोधायचं राहिलंय. ते काम अनुपमा करणार होती.”

काकूंनी दोघांना जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो,” त्या म्हणाल्या, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.