मंगळावर कोणी असेल तर

“जरा बाजूला होता का? तुमच्या पदरानं मंगळ झाकलाय.”

वृंदा दचकून वळली. छप्पन्न सालचा गणेशोत्सव. बालीगंजातल्या मराठी मंडळाच्या गच्चीवर ती वाळत घातलेल्या सतरंज्या न्यायला आली होती, आणि एक उंच तरुण दुर्बिणीशी खटपट करत बसला होता. हा चारुदत्त, हवामान खात्यातला, नुकताच पुण्याहून बदलून आलेला.

“मंगळाला सांगा सरकायला,” ती म्हणाली. “मी जन्मापासून कलकत्त्यात आहे. तो आत्ता आलाय!”

चारुदत्त हसून उठला आणि त्यानं तिला जागा दिली. भिंगात तांबूस ठिपका थरथरत होता. यंदा मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. तिथे कोणी राहतं का, याचीच जिकडेतिकडे चर्चा. उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी मंडळातही त्यावरच वादविवाद होता.

“मी ‘तिथे जीवसृष्टी आहे’ या बाजूनं बोलणार,” वृंदा म्हणाली.

“आणि मी ‘नाही’ या बाजूनं.”

“मग हराल हं... चहा खाणार?”

“खाणार?”

वृंदानं जीभ चावली. बंगाली शेजारात वाढलेल्या मुली चहासुद्धा खातात, हे पुणेकराला काय ठाऊक!

“आणा की,” तो गंभीरपणे म्हणाला. “चावून चावून खाईन.”

सतरंज्या काही रोज भिजत नव्हत्या. तरी आरती झाली की वृंदाला गच्चीवर काम निघायचंच. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. आणि एका संध्याकाळी त्यानं दुर्बीण पुसत हळूच म्हटलं, “आई तुमच्याकडे यायचं म्हणतेय... पत्रिका मागायला.”

वृंदाचा चेहरा उतरला. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. दोन घरांतून ती पत्रिका परत आली होती.

“वादविवाद होऊ द्या,” ती एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी चारुदत्त झकास बोलला. मंगळ थंड, कोरडा, ओसाड. तिथे जगणार कोण? टाळ्या पडल्या. मग वृंदा उठली.

“माणसं नसतील. पण तिथले काळसर पट्टे ऋतूप्रमाणे गडद होतात म्हणे. दगडाला चिकटलेलं शेवाळ असलं तरी मला पुरे. आणि आता घरचीच गोष्ट सांगते. मला मंगळ आहे. तो नवऱ्याच्या जिवावर उठतो म्हणून लोक मला नाकारतात. एवढ्या थंडीत शेवाळ जगवणारा ग्रह, इतक्या लांबून कोणाचा जीव कशाला घेईल?”

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. पहिल्या रांगेत चारुदत्तची आई बसली होती.

उत्तर द्यायला चारुदत्त उठला.

“माझं म्हणणं कायम आहे. मंगळावर कोणी नाही. मग माझ्या जिवावर उठणार कोण? आणि यांचं खरं असेल, तर तिथे नुसतं शेवाळ. मी शेवाळाला भीत नाही... मला यांच्याशीच लग्न करायचंय.”

सभागृहात हशा उसळला. वृंदाचे डोळे भरून आले. निकाल तिच्या बाजूनं लागला, पण तिचं लक्ष त्याच्या आईकडे होतं. त्या सावकाश उठल्या आणि थेट तिच्यापाशी आल्या.

“पत्रिका राहू दे घरातच,” त्या म्हणाल्या. “उद्या आम्ही दोघं येतो तुमच्याकडे... चहा खायला.”