धोंडूताई

थाझीच्या चौकात, जिथून घाटाचा रस्ता फुटतो, तिथं चिंचेखाली एक चहाचं दुकान आहे. डोंगरावर जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते. चहा, नानखटाई, उकडलेली अंडी, आणि मागच्या बाजूला पाण्याचा नळ. पिंडयाच्या गुहेतल्या बुद्धाच्या दर्शनाला निघालेली एक जुनी जपानी गाडी त्या दिवशी सकाळी तिथं थांबली, आणि नाश्त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नीन यीनं आयुष्यभर सलेल असं करून ठेवलं.

तशी नीन यी काही वाईट बाई नव्हे. मेइकटीलाच्या बाजारात तिचं लुंग्यांचं दुकान होतं, नवरा गेल्यावरही तिनं ते नीट सांभाळलं. तिच्या मुलाला, थूराला, भातगिरणीवाल्यांची मुलगी सांगून आली होती, आणि मुलीची आई दॉ टिन म्याइंग म्हणाली, "आधी सगळे मिळून देवदर्शन करू, मग बोलू पुढचं." गाडी त्यांची, ड्रायव्हर को पौक त्यांचा. मुलीकडची सहा माणसं, नीन यी, थूरा आणि ड्रायव्हर धरून नऊ. दहावी म्हणून घरची भांडीवाली आणते, असं नीन यीनं कळवलं होतं. पण पहाटे गाडी दारात आली तेव्हा तिच्या जागी आत चढून बसली होती ती मा चो, नीन यीची थोरली बहीण. न्हाऊन, गालाला चंदन फासून, अंबाड्यात मोगरा खोचून.

"आईनं कबूल केलं होतं मला गुहा दाखवीन म्हणून," ती नीन यीच्या कानाशी म्हणाली. "आई गेली. आता तू ने."

शेजारीपाजारी बघत होते. नीन यीला तिला खाली उतरवता येईना.

मा चोचं डोकं थोडं हळू चालायचं. पण आई गेल्यावर नीन यीला वाढवली तिनं. दोघी थाझीच्याच स्टेशनवर लहानाच्या मोठ्या झाल्या. मा चो डोक्यावर अंड्यांची टोपली घेऊन चालत्या गाडीत चढायची, आणि गाडी हलली की दारातून मान बाहेर काढून ओरडायची, "धाकटे, चढलीस का?" एकदा धाकटी खाली राहिली होती. तेव्हापासून ही ओरड तिच्या तोंडात बसली ती बसलीच. पन्नाशी उलटल्यावरही बाजारातून घरी यायला सायकलरिक्षा धरली, तरी आधी तेच विचारायची.

आता हे सगळं गिरणीवाल्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांना नीन यीनं सांगितलं होतं, वडील शाळा तपासनीस होते.

चहा आला, अंडी आली. मा चोनं अंडं सोललं, पांढरं आपण खाल्लं, आणि पिवळा बलक उचलून नीन यीच्या बशीत ठेवला. लहानपणापासून असंच चालत आलेलं. बलक धाकटीचा. पण मा चो सदा पान खायची, बडीशेप घातलेलं, आणि तिचा अंगठा कायम लाल असायचा. बलकावर त्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला. दॉ टिन म्याइंगच्या बहिणीनं तोंडावर रुमाल धरला.

दॉ टिन म्याइंगनं सहज विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

नीन यीनं बशी बाजूला सारली. "घरी कामाला आहेत. जुन्या आहेत, जरा लाडावल्यात."

थूरानं चहाच्या कपात मान घातली. सख्खी मावशी, हिच्या कडेवर तो वाढला. मा चोनं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग हसली. लाल दात दिसले.

"हो," ती म्हणाली. "कामालाच आहे मी."

नीन यीला तेव्हाच लाज वाटली. इतकी, की बहिणीचं तोंडही समोर नको झालं. लाजेनं माणूस सुधारतं असं म्हणतात, पण तिचं उलटं झालं. ती मा चोला नळापाशी घेऊन गेली, डब्यात भात आणि दोन उकडलेली अंडी घालून डबा तिच्या हातात दिला, आणि म्हणाली, "पुढं घाट आहे, तुला गाडी लागते. इथं बस. जाताना नेते."

"गुहा?"

"पुढच्या वेळी."

मा चो चिंचेखाली बसली. डबा मांडीवर घेतला.

पण को पौक गाडी काढेना. "नऊ माणसं घेऊन मी घाट चढायचा नाही. नवाचा आकडा वाटेवरच्या देवचारांचा. एखादं माणूस ठेवून घेतात ते."

"मग धोंडा घे की," दॉ टिन म्याइंग म्हणाली. "आमचे आजोबा घ्यायचे."

"मी नाही घ्यायचा. ज्याचं माणूस कमी झालं त्यानं घ्यायचा." को पौक नीन यीकडे वळला. "मावशी, तुम्ही उचला. दहावं माणूस समजून त्याचं सगळं करायचं. चढताना चढ म्हणायचं, उतरताना उतर म्हणायचं. पहिला घास त्याचा. आणि परत आणून जिथला तिथं ठेवायचा. वाटेत टाकायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

नीन यी इकडेतिकडे धोंडा शोधू लागली. मा चो उठली, आपल्याच पायाजवळचा एक उचलला, लुंगीला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"हा घे. गुळगुळीत आहे, तुला टोचायचा नाही."

"नाव ठेवा त्याचं," को पौक हसत म्हणाला. "धोंडूदादा."

"दादा कशाला?" मा चो म्हणाली. "बाईच्या जागी बाईच बसायची. धोंडूताई म्हणा." आणि तिनं अंबाड्यातलं एक मोगऱ्याचं फूल काढून धोंड्यावर ठेवलं.

सगळे हसले. नीन यीनं धोंडा आपल्या शेजारी, खिडकीशी ठेवला आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "चढ." गाडी हलली. मागं वळून बघायचं तिला धाडस झालं नाही.

तेवढ्यात शेजारून, अगदी कानाशी, कुणीतरी हळूच विचारलं, "धाकटे, चढलीस का?"

तिनं चमकून पाहिलं. को पौकनं कॅसेट लावली होती, मुलीकडच्या बायका गप्पांत होत्या. शेजारच्या सीटवर धोंडा होता आणि फूल होतं. आपल्या मनाचे खेळ, ती स्वतःला म्हणाली.

घाट सुरू झाला. वळणं, साग, बांबू, वर वर धुकं. मा चोला गाडीत मळमळायचं, म्हणून ती खिडकी नेहमी दोन बोटं उघडी ठेवायची. नीन यीनं निघताना ती काच घट्ट लावली होती. आता गार वारा मानेला लागला म्हणून पाहिलं, तर काच दोन बोटं खाली होती. तिनं लावली. पुढच्या वळणाला ती पुन्हा खाली.

"काकू," मागून होणारी सून म्हणाली, "तुमच्या त्या बाई पान खातात ना, बडीशेपेचं? अजून वास येतोय गाडीत."

"बसल्या होत्या ना सकाळी," नीन यी म्हणाली.

वाटेतल्या कलॉ गावात जेवायला उतरले. चारचौघांत धोंड्याला "उतर" कसं म्हणायचं? विहिणीसमोर धोंड्यापुढं घास कसा ठेवायचा? तिनं धोंडा गाडीतच ठेवला. को पौकनं विचारलं, "घास दिलात?" ती म्हणाली, "दिला." परत आली तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. एखादं माणूस बंद गाडीत बराच वेळ बसून राहिलं की धरते, तशी.

पिंडयाला पोचले तेव्हा दुपार कलली होती. को पौकनं धोंडा कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला. "तिलाही दर्शन घडू द्या. इतकी आली बिचारी." अनवाणी पायांनी सगळे छपराखालच्या पायऱ्या चढू लागले. सकाळी एका हातात मावलेला धोंडा आता दोन्ही हातांनी पेलवेना. आणि तो गरम लागत होता. नुसता उन्हात तापलेला असता तर समजलं असतं, पण ऊन कुठं होतं? अंगाची असते ना ऊब, झोपेतल्या माणसाची, तशी.

गुहेत वीज गेली होती. मेणबत्त्यांच्या उजेडात सोन्याचा वर्ख लावलेल्या मूर्ती दिसत होत्या, रांगांमागे रांगा, आणि त्यांच्यामधून एकेकट्यानं जाण्यासारख्या अरुंद वाटा. छतातून पाणी ठिबकत होतं. ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास होता, आणि त्यात मिसळलेला बडीशेपेचा.

पूजा झाली. पुण्य वाटायची वेळ आली. दॉ टिन म्याइंग म्हणाली, "आता आपण एकच घर होणार. तुमच्या माणसांची नावं घ्या, त्यांनाही वाटा देऊ."

नीन यीनं वडिलांचं नाव घेतलं, आईचं, नवऱ्याचं.

"बहीणभाऊ?"

थूरानं आईकडे पाहिलं. "आई…" तो म्हणाला आणि थांबला.

मांडीवरचा धोंडा ऐकत होता. हो, तिला तसंच वाटलं. इथं म्हणता आलं असतं. एक नाव घ्यायचं होतं फक्त.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच."

सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, "साधु, साधु, साधु." आवाज गुहेत विरला. आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, तिच्या मांडीपाशी आणखी एक आवाज आला. जड, तोंडात पान असल्यासारखा.

"साधु…"

दॉ टिन म्याइंगनं मान वळवली. "मागं कुणी आहे का?"

हे आता सगळ्यांसमोर बोलू लागलं तर? नीन यीला धोंड्याचं भय नव्हतं हो, तो काय बोलेल त्याचं होतं. "आलेच," म्हणून ती उठली आणि एका अरुंद वाटेनं आत शिरली. वाट संपते तिथं, शेवटच्या मूर्तीच्या पाठीमागं, तिनं धोंडा खाली ठेवला.

"इथं बस," ती पुटपुटली. "जाताना नेते."

बोलून झाल्यावर कळलं, हेच शब्द आज एकदा बोलून झालेत. पण हात मोकळे झाले होते. ती परत वळली, आणि पाठीमागून कुणी काही विचारलं नाही. उलट तेच तिला जास्त लागलं.

रात्र धर्मशाळेत काढून सकाळी निघाले. को पौकला संशय नको म्हणून तिनं रस्त्याकडेचा दुसराच धोंडा फडक्यात गुंडाळला होता. तो थंडगार होता, हलका होता. "चढ" म्हणाली तरी शेजारून कुणी काही बोललं नाही. पूर्ण घाट उतरेपर्यंत ती त्या ओरडीची वाट बघत होती. खिडकी बंदच राहिली. थाझीला उतरल्याबरोबर मा चोचे हात धरायचे, सगळ्यांसमोर तिला ताई म्हणायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. लग्न मोडलं तर मोडलं.

चिंचेखाली कुणी नव्हतं.

"काल सकाळी इथं एक बाई बसली होती," तिनं चहावालीला विचारलं. "डबा घेऊन."

चहावाली कप विसळत होती. "बसली होती की. मग तुमच्याच गाडीतून गेली ना."

"नाही. ती इथं राहिली होती."

"अहो, मी इथंच उभी होते. तुम्ही हाताला धरून आणलंत तिला, चढ म्हणालात, खिडकीशी बसवलंत. डबा मांडीवर होता तिच्या. मी म्हटलं, बरं झालं बाई, बहिणीनं नेलं हिला."

मागं सगळे उभे होते. दॉ टिन म्याइंग पुढं आली. "बहीण?"

"हो, त्यांची थोरली," चहावाली म्हणाली. "मला सांगितलं तिनं नळावर. वर म्हणाली, गाडीतल्या माणसांपाशी बोलू नको हं, माझ्या धाकटीला खाली बघावं लागेल."

नीन यीनं चेहरा झाकून घेतला. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. दॉ टिन म्याइंग नुसती म्हणाली, "सांगायचं होतंत हो. माझ्या शेजारी बसवली असती जेवायला." ते ऐकून नीन यीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

को पौकनं गाडीतून फडकं आणलं, सोडलं, आतला धोंडा पाहिला. मोगऱ्याचं फूल त्याच्यावर नव्हतं. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "आपली धोंडूताई कुठं ठेवलीत?"

तिनं डोंगराकडे पाहिलं. त्यानं ओळखलं. न विचारता गाडी वळवली आणि पुन्हा घाटाला लावली.

दिवेलागणीला गुहेपाशी पोचले. रखवालदार दार लावत होता. नीन यी कुणासाठी थांबली नाही. मेणबत्ती घेऊन त्या अरुंद वाटेनं आत गेली, ओल्या दगडावरून पाय घसरत होते, आणि ती मोठ्यानं हाका मारत होती. ताई. ताई. सगळ्या गुहेत तिचा आवाज घुमला. बाहेर विहिणीनं ऐकला, मुलानं ऐकला. आता ऐकून काय उपयोग होता?

शेवटच्या मूर्तीच्या पाठीमागं धोंडा नव्हता. तिथं तिचा स्वतःचा डबा होता, कालचा, थाझीच्या नळापाशी मा चोच्या हातात दिलेला.

ती गुडघ्यांवर बसली. डबा हाताला कोमट लागला. झाकण उलटं करून शेजारी ठेवलेलं होतं. भात खाल्लेला होता. अंड्यांचं पांढरं खाल्लेलं होतं. आणि झाकणावर, जपून, एकमेकांना चिकटणार नाहीत असे दोन पिवळे बलक काढून ठेवलेले होते, आणि दोन्हींवर लाल अंगठ्याचा ठसा होता, अजून ओला.