त्याच्या मोबाइलवर माझे कपडे

राणीच्या झग्यावर सरबत सांडलं होतं, प्रयोग संध्याकाळी होता, आणि लाँड्रीच्या भिंतीवरची पाटी मला माझी जन्मतारीख विचारत होती.

मी एका नाटकमंडळीचा कपडेपट सांभाळते. आमचं मशीन बंद पडलं, म्हणून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत धावले, तर तिथे नाणी टाकायच्या फटी पट्ट्या चिकटवून बुजवलेल्या. काउंटरवर माणूस नाही. आता सगळं म्हणे अ‍ॅपवर. आधी नंबर द्या, जन्मतारीख द्या, फोटो द्या. कपडे धुवायचे होते की लग्न जुळवायचं होतं, कोण जाणे. माझ्याकडे बटणांचा फोन, तोही हौसेने ठेवलेला. दिवसभर सुईच्या टोकाकडे बघून झाल्यावर मला आणखी एका चौकोनात डोळे घालायचे नसतात.

शेजारच्या मशीनमध्ये एक उंच माणूस टॉवेल कोंबत होता. टॉवेलांना मांजरांचे केस, मनगटावर ओरखडे. मी सरळ त्याच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, की तुमचा मोबाइल जरा हवाय, नाहीतर आज आमच्या राणीला आजारी पाडावं लागेल.

तो हसला नाही. झग्याची कड बोटांत धरून त्याने हळूच विचारलं, “गार पाणी की कोमट?”

त्या प्रश्नावरच मी निम्मी विरघळले.

तो प्राण्यांचा डॉक्टर निघाला. अ‍ॅपने त्याला दोनदा बाहेर काढलं, पासवर्ड मागितला, मग नवं अपडेट मागितलं... आणि तो शांतपणे एकेक करत राहिला. राणी वेळेवर रंगमंचावर आली, नि पुढच्या शनिवारी मी पुन्हा लाँड्रीत. त्याच्या पुढच्याही. मंडळी नवं मशीन घ्यायचं नाव काढेना आणि मीही आठवण करून देईना. मी त्याच्या एप्रनचे फाटके खिसे शिवून दिले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही.

“हल्ली तुमची राणी फारच मळवते गं,” घरी माझी आत्या म्हणाली. मी इस्त्रीत डोकं घातलं.

मग एका शनिवारी एक आजोबा घोंगडीएवढं जाड पांघरूण कवटाळून आले, पाटी वाचली आणि मुकाट्याने परत वळले. डॉक्टरने धावत जाऊन त्यांना आणलं, पांघरूण धुऊन दिलं. पण मला चैन पडेना. माझं एक ठीक होतं, मला डॉक्टर मिळाला होता. आम्ही नसू त्या दिवशी आजोबांनी काय करायचं?

मी लाँड्रीच्या मालकाला भेटायला जाणार म्हटल्यावर डॉक्टरने घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातला. मग म्हणाला, की जा, नक्की जा.

मालकाचं म्हणणं, एकाचीही तक्रार नाही. मी विचारलं, तक्रार कुठे करायची असते? अ‍ॅपवरच, तो म्हणाला... आणि बोलता बोलता स्वतःच थांबला. मी आजोबांची गोष्ट सांगितली, शेजारपाजारच्या आणखी चौघांचीही. उठले ती त्याचा शब्द घेऊनच.

पुढच्या शनिवारी पट्ट्या निघाल्या होत्या. मी नाणी टाकली, मशीन गरगरू लागलं. डॉक्टर हातात मोबाइल धरून दारातच उभा होता.

“म्हणजे आता माझी गरज नाही,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “तरी तुझ्या नेहमीच्या मशीनशेजारचंच घेतलंय.”

तो कानापर्यंत लाल झाला. मोबाइल एप्रनच्या खिशात टाकला — मीच शिवलेल्या.

“मला कधीचं विचारायचं होतं,” तो म्हणाला. “पण तुझं काम माझ्यावर अडलेलं असताना विचारणं... बरं दिसलं नसतं. तुला नाही म्हणणं जड गेलं असतं.”

“आणि आता?”

“आता तू बेधडक नाही म्हणू शकतेस. म्हणून विचारतो. माझ्याशी लग्न करशील?”

मी त्याचा हात हातात घेतला. दवाखान्यात घाईने धुतलेला तो हात साबणाने अजून ओलसर होता.

“म्हणू शकते,” मी म्हटलं. “पण म्हणत नाही.”